पान वरचं की खालचं?

मृग आठ-दहा दिवसांवर आला की आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रावर एकच प्रश्न कानावर पडतो : ‘‘भाऊ, डीएपी आलं काय?’’ रिसोडात तोच, मानोऱ्यात तोच, कारंजा-मंगरूळपीरकडेही तोच. आलं असेल तर दुपारपर्यंत संपतं. नसेल तर गिऱ्हाईक गाडीला किक मारून पुढच्या दुकानाकडे जातं, आणि आपण दुकानदार ‘डीएपी शिल्लक नाही’ अशी पाटी लिहून मोकळे होतो. दरवर्षीच्या या पाटीवर मला यंदा पेरणीच्या आधी बोलायचं आहे.

डीएपी हे पिकाचं खाणं नाही, ते पोत्याचं नाव आहे. पीक खातं ते नत्र आणि स्फुरद. पन्नास किलोच्या त्या पोत्यावर १८:४६:० असं छापलेलं असतं. म्हणजे ९ किलो नत्र आणि स्फुरदाच्या हिशेबात २३ किलो. आता सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा घ्या. १६ टक्क्यांप्रमाणे स्फुरद झालं २४ किलो. नत्रासाठी पंचेचाळीस किलोच्या युरियाची अर्धी बॅग, म्हणजे दहा किलोंच्या जरा वर. हिशेब पुरा झाला. वर ११ टक्क्यांनी साडेसोळा किलो गंधक मिळालं, शिवाय कॅल्शियम. डीएपीच्या पोत्यात गंधकाचा कण नसतो. ज्या दाण्यात वीस टक्के तेल आणि चाळीस टक्के प्रथिनं भरायची आहेत, त्या सोयाबीनला गंधकाशिवाय चालत नाही. आपण मात्र वर्षानुवर्षं गंधक नसलेलं पोतं रांगा लावून विकतो.

शेतकऱ्याची अडचण खोटी नाही, हेही मान्य करू. एका पोत्याच्या जागी तीन पोती म्हणजे तिप्पट हमाली, तिप्पट जागा. भुकटी सुपर पेरणी यंत्राच्या नळीत अडकतं, म्हणून दाणेदार मागवावं लागतं. युरिया आणि सुपर एकत्र करून रात्रभर ठेवलं तर सकाळी गिच्च लगदा हाती येतो, कारण सुपरमधलं बांधलेलं पाणी युरिया सोडवून घेतो. मिसळलं की लगेच पेरायचं, हे सांगायचं काम आपलं. ते न सांगता विकलं की पुढच्या वर्षी तोच माणूस सुपरचं नाव काढत नाही. त्यात लिंकिंगचा, म्हणजे खताबरोबर दुसरा माल गळ्यात मारण्याचा जाच. वरून आपल्या गळ्यात मारलेली नको ती बाटली आपण खाली गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. मग त्याने आपल्या सल्ल्यावर विश्वास का ठेवावा?

पोत्यावरचे आकडे वाचताना एक गंमत ध्यानात घ्या. डीएपीवरचे ४६ हे शुद्ध स्फुरदाचे टक्के नाहीत, ते ‘पी२ओ५’ या ऑक्साइडच्या रूपात मांडलेले आहेत. शुद्ध स्फुरद मोजाल तर वीस टक्क्यांच्या आसपास भरतं. पोटॅशवरचे ६० म्हणजे प्रत्यक्षात पन्नास टक्के पोटॅशियम. एकोणिसाव्या शतकातले रसायनशास्त्रज्ञ झाड जाळून राखेचं पृथक्करण करत आणि राखेतली द्रव्यं ऑक्साइड म्हणून मांडत. ती रीत व्यापारात मुरली ती मुरलीच. पोत्यात पी२ओ५ नावाचा पदार्थ शोधाल तर चिमूटभरही सापडणार नाही! शाळकरी पोर विज्ञानाचं पुस्तक घेऊन बापाबरोबर दुकानात आलं आणि त्याने हा प्रश्न विचारला, तर काउंटरमागच्या माणसाला उत्तर देता यायला हवं.

शब्दांचंही तसंच. पुस्तकात फॉस्फरस, मृद आरोग्य पत्रिकेत स्फुरद, आणि वस्तू एकच. १६६९ साली हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने सोनं करण्याच्या नादात मूत्र आटवलं आणि त्याच्या हाती अंधारात उजळणारा पदार्थ लागला. फॉस्फरस म्हणजे उजेड वाहणारा. आपल्या ‘स्फुरद’मध्येही ती चमक आहेच. पालाश म्हटलं की वऱ्हाडातल्या माणसाला पळस आठवतो आणि ते वावगंही नाही. पळसाच्या राखेतून क्षार काढायची रीत आयुर्वेदाला जुनी ठाऊक, आणि युरोपात भांड्यात आटवलेल्या राखेवरूनच पोटॅश हे नाव पडलं. त्या राखेच्या क्षारातून हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये विजेच्या प्रवाहाने पोटॅशियम धातू वेगळा केला. चाकूने कापता येईल इतका मऊ, आणि पाण्यात टाकला की पेट घेणारा. आपल्या गोदामात पोत्यांच्या थप्पीत निवांत पडलेलं पोटॅशियम हे क्लोरीनशी बांधलेलं असतं, म्हणून तर आपण निर्धास्त झोपतो.

आता पारखायच्या गोष्टी. भेसळीच्या बातम्या आल्या की सगळ्या दुकानदारांकडे एकाच नजरेने पाहिलं जातं. प्रयोगशाळेचा अहवाल अखेरचा खरा, पण काउंटरवर दोन मिनिटांत अंदाज घेता येतो. डीएपीचे चार दाणे तळहातावर घ्या, तंबाखूला लावतो तसा चुना लावा आणि मळा. नाकात झोंबणारा तिखट वास आला तर अमोनिया सुटला, म्हणजे माल बहुधा खरा. चुना हा अल्कली, तो अमोनियम क्षारातून अमोनियाला हुसकावून लावतो. एवढंच रसायनशास्त्र. युरिया पाण्यात पुरता विरघळतो आणि हाताला गार लागतो, कारण विरघळताना तो पाण्यातली उष्णता ओढून घेतो. तापल्या तव्यावर टाकला तर मागे काही उरत नाही. लाल पोटॅश पाण्यात विरघळल्यावर तांबूस रंग वर तरंगतो. तो रंग पोटॅशियमचा नव्हे, खनिजात अडकलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा. या कसोट्या शेतकऱ्यासमोर करा. एकदा करून दाखवली की तो गावात दहा जणांना सांगतो.

झिंक सल्फेटची कसोटी मी जरा उशिरा आणि महागात शिकलो. दुकान नवं होतं. एका शेतकऱ्याने विचारलं, झिंक डीएपीतच मिसळून पेरू का? मी म्हटलं, पेरा की, दोन्ही खतंच. त्या हंगामात पैसे त्याचे गेले आणि लाज माझी. जस्त आणि स्फुरद जवळ आले की जस्ताचं फॉस्फेट बनतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. पुढे कळलं, माझी चूक हीच मालाची पारख आहे. डीएपीच्या निथळ द्रावणात झिंक सल्फेटचं द्रावण ओता, गुठळ्या झालेला पांढरा गाळ बसतो. झिंकच्या नावाखाली मॅग्नेशियम सल्फेट खपवलं असेल तर तसा गाळ बसत नाही. दिसायला दोन्ही पांढरे खडे, किमतीत मात्र मोठा फरक. आणि २१ टक्के, ३३ टक्के या घोळात तर आपणही अडकतो. ३३ टक्केवालं जास्त ‘कडक’ नसतं. २१वाल्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू असतात, ३३वाल्याबरोबर एकच. म्हणजे फरक पाण्याचा. किंमत सांगताना किलोमागे न सांगता जस्तामागे सांगा.

पण ज्या प्रश्नासाठी हे लिहायला बसलो तो जुलैत येतो. रुमालात गुंडाळलेलं सोयाबीनचं पिवळं पान घेऊन माणूस दारात उभा राहतो आणि म्हणतो, ‘‘पिवळं पडून राह्यलं, युरिया द्या.’’ आपणही देतो. त्या वेळी एकच प्रश्न विचारायचा असतो : पान वरचं की खालचं?

नत्र झाडात फिरतं. तुटवडा आला की झाड म्हाताऱ्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना पोसतं, म्हणून खालची पानं सरसकट पिवळी पडतात. लोह फिरत नाही. जिथे बसलं तिथे बसलं. ते कमी पडलं की शेंड्याची नवी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची, चट्ट्यांची नक्षी दिसली तर तो पिवळा मोझॅक असू शकतो. तो विषाणू, त्याला कोणतंही खत लागू पडत नाही. आपल्याकडे जुलैत येणारी बहुतेक पिवळी पानं वरची असतात, आणि त्यांना युरिया दिला जातो.

लोह कमी पडतंय हे शेतकऱ्याला पटत नाही, आणि ते साहजिक आहे. आपली काळी माती बेसॉल्टची लेक, आणि बेसॉल्टमध्ये लोह भरपूर. पण पैनगंगेकाठच्या भारी, चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या पुढे गेला की ते लोह गंजाच्या रूपात घट्ट बसतं आणि मुळांना हाती लागत नाही. धान्याच्या कोठाराला कुलूप घालून घरधन्याने उपाशी निजावं, तशी त्या झाडाची गत. त्यात झड लागून पाणी साचलं की मुळं गुदमरतात आणि पिवळेपणा अधिकच चढतो. अशा वेळी पहिला सल्ला पैसे न मागणारा असतो : चर काढा, पाणी वाहू द्या, वापसा येऊ द्या. पुष्कळदा पीक आपोआप सावरतं. नाहीच सावरलं तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, अर्धा टक्का, त्यात पाव टक्का चुन्याची निवळी, आणि फवारणी पानावर. जमिनीत टाकलेलं हिराकस पुन्हा त्याच कुलपाआड जातं.

शिवाय सोयाबीन हे नत्र विकत घेणारं पीकच नव्हे. हवेत ७८ टक्के नत्रवायू आहे. त्याच्या रेणूतल्या दोन अणूंची पकड तोडायला हाबर-बॉश पद्धतीच्या कारखान्यात चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत एक जिवाणू तेच काम जमिनीच्या साध्या उबेत करतो. पेरणीला नत्राची थोडी शिदोरी पुरे. नंतर युरियाचा मारा केला तर गाठी आळसावतात. आयतं मिळाल्यावर कोण राबेल? पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी रोप उपटून गाठ नखाने फोडायला सांगा. आतून गुलाबी-लाल निघाली तर कारखाना चालू आहे. तो लाल रंगही लोहाचाच, आपल्या रक्तातल्यासारखा. हिरवट-करडी निघाली तर बीजप्रक्रिया चुकली का हे विचारा. बुरशीनाशक आधी आणि गाठीतला तो जिवाणू, रायझोबियम, शेवटी, हा क्रम पाकीट देताना आपण तोंडाने सांगतो का? पाकीट पिशवीत टाकतो आणि बिल फाडतो.

गंधकाचंही असंच अर्धवट सांगणं चालतं. ‘नव्वद टक्के सल्फर’ म्हटलं की शेतकऱ्याला वाटतं, सुपरमधल्या अकरापेक्षा किती तरी बळकट. पण ते मूलद्रव्यरूपातलं पिवळं गंधक. झाड ते खात नाही. जमिनीतल्या जिवाणूंनी त्याचं सल्फेट केल्यावरच ते मुळात शिरतं, आणि त्याला आठवडे लागतात. सुपरमधलं गंधक सल्फेटच असतं. शंभर दिवसांच्या पिकाला उशिरा मिळालेलं अन्न काय कामाचं? हळदीसारख्या आठ-नऊ महिने रानात राहणाऱ्या पिकाची गोष्ट निराळी, तिथे हे सावकाश सल्फेट होणं सोयीचं पडतं.

संत्र्याच्या बागांना पावसाळ्याआधी बोर्डो पेस्ट लावायचे दिवस आता येऊन ठेपले आहेत. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या रोगावरचा हा उतारा १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोर्डोच्या द्राक्षमळ्यांतून जगाला मिळाला. लोखंडी बादलीत मोरचूद कधीच भिजवू देऊ नका. लोखंड तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं आणि स्वतः विरघळतं. बादलीला भोक पडतं, औषध पातळ होतं. पण लोखंडाचा हाच स्वभाव कसोटीला वापरता येतो. तयार मिश्रणात घासलेला विळा मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस लेप चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, ते पान-खोड जाळेल, अजून चुना घाला. तांब्याचा विषय निघालाच तर सांगतो, विंध्यशक्ती दुसरा या वाकाटक राजाचं दानपत्र आपल्या वाशिमलाच मिळालं, ते ताम्रपटावर कोरलेलं. वत्सगुल्म हे तेव्हाचं या गावाचं नाव. सोळाशे वर्षांनंतर त्यावरची अक्षरं वाचता आली, कारण तांबं लोखंडासारखं गंजून भुगा होत नाही. लोखंडाच्या पत्र्यावर कोरलं असतं तर आज आपल्या हाती लाल माती आली असती.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. पत्रिकेवर बारा रकाने आहेत : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. कित्येक घरांत ती पत्रिका लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात खिळ्याला लटकलेली असते. यंदा गिऱ्हाइकाला ती आणायला सांगा आणि डीएपीची मागणी ऐकण्याआधी जस्ताचा आणि सामूचा रकाना बघा. पाटी लावायचीच असेल तर ‘डीएपी शिल्लक नाही’च्या खाली आणखी एक ओळ लिहा : ‘सुपर तीन, युरिया अर्धी, हिशेब आत सांगू.’

काउंटरवर चुन्याची डबी, काचेचे दोन पेले आणि एक जुना तवा ठेवायला विसरू नका. तवा घरून आणणार असाल तर आधी विचारून आणा. युरिया भाजलेल्या तव्यावर पुन्हा भाकरी टाकायला घरात कुणी तयार होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.