फुकटचं अथेन्स

"मामा, तुम्ही पैसे भरून तिकीट काढणार? अहो, वेडे आहात का?"

पुण्याच्या भाच्याचं हे वाक्य ऐकून मी क्रेडिट कार्ड घेतलं. त्याला आता चार वर्षं झाली. भाचा हुशार आहे, मनाने चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या एका वाक्यावर मात्र आहे, आणि आज तो काढणार आहे. नातेवाईक मंडळींनी मनावर घेऊ नये :)

अथेन्स बघायचं हे माझं कॉलेजपासूनचं वेड. त्याला आमचं गावच कारण आहे. अमळनेरसारख्या गावात 1916 साली प्रताप शेठजींच्या देणगीतून तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा माणूस तिथे येऊन राहिला, साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होण्याआधी तिथे शिकायला आले, आणि 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' नावाचं इंग्रजी त्रैमासिक बोरी नदीकाठच्या या गावातून निघायचं. अशा गावात तत्त्वज्ञान विषय घेऊन बी.ए. केलेल्या पोराला सॉक्रेटिस ज्या बाजारात लोकांना अडवून प्रश्न विचारायचा तो बाजार एकदा डोळ्यांनी बघावासा वाटला, तर त्यात नवल नाही. बायकोलाही यायचं आहे. तिला सॉक्रेटिसपेक्षा समुद्रात जास्त रस आहे, ते असो.

तर कार्ड आलं. शंभर रुपये खर्चाला दोन पॉइंट. ते विमान कंपनीच्या योजनेत वळवले की एका पॉइंटला एक माइल. भाच्याने वहीत हिशेब मांडून दिला. मीही कामाला लागलो. किराणा, औषधं, विजेचं बिल, साडूच्या मुलीच्या लग्नातला आहेर, सगळं कार्डावर. महिनाअखेरीस जादा पॉइंटांचा टप्पा गाठायला थोडे कमी पडले म्हणून एकदा मिक्सर घेतला. जुना मिक्सर अजून चालतो. दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी आहेत.

एकदा किराणा दुकानदार म्हणाला, "भाऊ, कार्डावर दोन टक्के जास्त पडतील." मी म्हटलं, पडू द्या. म्हणजे शंभरावर दोन पॉइंट मिळवण्यासाठी मी शंभरावर दोन रुपये मोजले. तत्त्वज्ञान शिकलेला माणूस आहे मी. तर्कशास्त्राचा पेपरही होता आम्हाला.

चार वर्षांत बारा लाख रुपये त्या कार्डावरून गेले. चोवीस हजार पॉइंट झाले. आणि एके दिवशी ईमेल आला, अगदी गोड भाषेतला. अमुक तारखेपासून दोन पॉइंटांना एक माइल. माझे चोवीस हजार एका रात्रीत बारा हजार झाले. कुणी चोरले नाहीत, कुणी दरोडा घातला नाही, पोलिसात जायची सोय नाही. कारण अटींमध्ये आधीच लिहिलेलं असतं की आम्ही नियम कधीही बदलू.

आता जमाखर्च बघा. कार्डाची वार्षिक फी 2,500, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 2,950. चार वर्षांचे 11,800. हाती काय? बारा हजार माइल. म्हणजे मी जवळपास रुपयाला एक या भावाने माइल विकत घेतले होते, मिक्सर वेगळा. आणि दोघांच्या जाण्यायेण्याला त्या दिवशी स्क्रीनवर जो आकडा दिसला, तो एक लाखाच्या पुढे होता. वर कर आणि अधिभार रोख. जागा शिल्लक होत्या त्या ऐन जुलैतल्या, जेव्हा उन्हामुळे अ‍ॅक्रोपोलिस दुपारचं बंद ठेवायची वेळ येते. उन्हासाठीच जायचं तर आमचा मे महिना काय वाईट आहे?

माझा पहिला मुद्दा हा, की पॉइंट ही बचत नाही. ती आपण कंपनीला दिलेली उधारी आहे. व्याज नाही, मुदत त्यांची, परतफेडीचा दरही त्यांचाच. त्यांना मात्र तिची किंमत पक्की ठाऊक असते. 1981 साली अमेरिकन एअरलाइन्सने ही माइलची योजना सुरू केली, आणि 2020 साली कोविडमध्ये विमानं जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली माइल योजनाच तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभारलं. विमानं उडत नव्हती तरी पॉइंट तारण चालले! आपले पॉइंट घेऊन आपण कुठल्या पतपेढीत जाऊन बघावं, काय म्हणतात ते.

हा फरक दुसऱ्या कुणाला नाही कळला तरी अमळनेरकराला कळायला हवा. 1945 साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्याचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या कित्येक घरांनी त्या कंपनीचे शेअर घेतले आणि विकायचा मोह टाळून पेटीत ठेवून दिले. पुढे बोनसवर बोनस मिळत गेले, आणि त्या घरांचं काय झालं ते देशभर छापून आलं आहे. त्यांनी जे पेटीत ठेवलं ती मालकी होती. कंपनी वाढली की त्यांचा हिस्सा वाढत होता. मी जे चार वर्षं मोबाइलमध्ये ठेवलं ती नुसती मेहेरबानी होती. कंपनीला गरज पडली की कमी होणारी. धीर दोन्हीकडे सारखाच लागतो म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. पॉइंट येतात कुठून? कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशातून बँका आपला हिस्सा कापून घेतात. त्यातलाच एक तुकडा आपल्याला पॉइंट म्हणून मिळतो. दुकानदार तो खर्च घरून भरत नाही, मालाच्या भावात मिसळतो. मग तोच साबण, तेच तेल रोख पैसे मोजून घेणारी शेतमजूर बाईही त्याच भावाने नेते. तिला पॉइंट नाहीत. म्हणजे माझ्या 'फुकट' तिकिटात तिचे चार आणे आहेत. मी तिला न विचारता ते घेतलेत. "तेवढ्याने काय होतं" असं भाचा म्हणतो. तेवढंच असतं तर बँकांनी इतका खटाटोप केला असता का?

ऑफिसच्या कामासाठी सतत विमानात बसणाऱ्यांना हे लागू नाही. त्यांना माइल आपसूक मिळतात, त्यांनी खुशाल वापरावेत. माझं भांडण आहे ते आमच्यासारख्या, वर्षाला एकदा विमानात बसलं तर बसणाऱ्यांना हे व्रत लावून देणाऱ्यांशी.

आणि गंमत बघा. डायोजिनिस लेर्शियसने सॉक्रेटिसची एक गोष्ट नोंदवली आहे. बाजारात मांडलेला माल बघून सॉक्रेटिस स्वतःशी म्हणायचा, मला गरज नसलेल्या किती वस्तू आहेत इथे! त्या माणसाचा बाजार बघायला जाण्यासाठी मी नको असलेला मिक्सर घेतला. हेमलॉकचा पेला नाही, पण त्याने माझ्या हातात मिक्सरचं भांडं नक्की दिलं असतं.

परवा कार्ड बंद केलं. बारा हजार माइल भाच्याच्या नावे करता येतात का विचारलं, तर नाही म्हणाले. असू देत. बँकेत दोन वर्षांचं आवर्ती खातं उघडलंय, महिन्याला सात हजार. दोन वर्षांत 1,68,000 आणि वर व्याज. त्यात दोघांची तिकिटं, माणशी नव्वद युरोची व्हिसा फी आणि तीस हजार युरोचा प्रवास विमा निघेल असा अंदाज आहे. राहण्याखाण्याचं वेगळं बघू. जुलैत नाही, ऑक्टोबरात जाणार. पासबुक बायकोने देवघराच्या फळीवर ठेवलंय.

भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, याच पैशांवर पॉइंट मिळाले असते."

मी फोन ठेवला.