मुरुमांचा प्रश्न वरवरचा नाही

चळवळीतल्या बाईनं चेहऱ्याला काही लावावं की लावू नये, हा वाद आपल्याकडे जुना आहे. १९९६ साली बंगळूरला जगत्सुंदरी स्पर्धा भरली, तेव्हा अनेक स्त्री संघटनांनी तिला विरोध केला आणि तो रास्तच होता. बाईला इंचपट्टीनं मोजायचं आणि तिच्या अंगावरची उणीव दाखवून क्रीम-साबण विकायचे, असा तो व्यवहार होता. पण त्या विरोधासोबत आपल्यात एक सोयीस्कर समजही रुजला. चेहऱ्याचा विचार करते ती बाई उथळ, आणि करत नाही ती मुक्त. हा समज मला मान्य नाही. तो बायकांच्या जिवावर कसा बेततो, तेच या लेखात मांडायचं आहे.

मी समाजकार्यात एम.ए. केलं आणि गेली बारा वर्षं वस्त्यांमध्ये काम करते आहे. वय छत्तीस. तिशी उलटल्यावर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं मुरुम यायला लागले. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ते हमखास वाढतात. उन्हातून घरभेटी करून आलं की गाल आणि नाक तांबूस होतात, चरचरतात. रोज सकाळी मी डागांवर बोटानं थोडं कन्सीलर लावते आणि कामाला निघते. या दोन मिनिटांच्या कृतीवर मला दोन्हीकडून ऐकावं लागलं आहे. एका शिबिरात एक ज्येष्ठ कार्यकर्ती हसत म्हणाल्या, "तुलाही जाहिरातींनी गाठलं म्हणायचं!" आणि पूर्वीच्या एका संस्थेत देणगीदार यायच्या आदल्या दिवशी वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, चेहऱ्याचं काहीतरी करा, उद्या पाहुणे आहेत." एकाला माझा चेहरा झाकलेला खटकतो, दुसऱ्याला उघडा. चेहरा माझा आहे, हे मात्र दोघांच्याही लक्षात येत नाही.

मैत्रिणींनो, आधी आजाराबद्दल बोलू या, कारण हा आजार आहे. मुरुमांना आपण 'तारुण्यपीटिका' म्हणतो, म्हणून ते विशीत संपायला हवेत असं वाटतं. पण पंचविशीनंतरही ते येतात, आणि या वयात पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतात. संप्रेरकांचा चढउतार हे एक मोठं कारण. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर बीजकोषांची तपासणी करायला हवी. चेहरा लाल होण्यामागे 'रोझेशिया' हा वेगळा आजार असू शकतो. ऊन, उष्णता, तिखट यांनी तो भडकतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर ती लाली ठळक दिसत नाही, काळपट किंवा जांभळट छटा दिसते, आणि म्हणून पुष्कळदा निदानच उशिरा होतं. डॉक्टरांनी शिकलेल्या पुस्तकांतले चेहरे बहुतेक गोऱ्यांचेच असतात, हाही एक भेदभावच नाही का?

आता बाई काय करते ते पाहा. मुरुमासाठी दवाखान्यात जाणं म्हणजे नखरे, असं घरचे म्हणतात. "पोट साफ ठेव, तेलकट खाऊ नकोस, लग्न झालं की जाईल," हे सल्ले फुकट मिळतात. लग्न झालेल्या बाईला तर तेवढेही मिळत नाहीत. मग ती औषधाच्या दुकानात जाते. आमच्या वस्तीच्या नाक्यावरचा दुकानदार चिठ्ठी न मागता ट्यूब काढून देतो. पार्लरवाली देते, शेजारीण देते, नणंद अर्धी वापरलेली ट्यूब पुढे सरकवते. त्या ट्यूबमध्ये बहुतेकदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असतं. ही स्टिरॉइडं आहेत. खरूज-इसबासारख्या तक्रारींच्या नावाखाली घरात आलेली ट्यूब तोंडाला कधी लागते, कळतही नाही.

या ट्यूबची लबाडी समजून घ्या. स्टिरॉइडमुळे कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि दाह दबतो. म्हणून चार दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ दिसतो, बाई खूश होते. पण महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते आणि मुरुम पहिल्यापेक्षा जास्त येतात. बंद करावं तर चेहरा भाजल्यासारखा पेटतो. मग घाबरून ती पुन्हा तीच ट्यूब लावते. व्यसनाची घडण नेमकी अशीच असते. २०११ साली त्वचारोगतज्ज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी केली होती. त्यातले ४३३ जण तोंडाला स्टिरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती.

त्यानंतर, मार्च २०१८ मध्ये सरकारनं लावायच्या १४ स्टिरॉइडांना अनुसूची 'एच' खाली आणलं. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला. नाक्यावरच्या दुकानात तो पोचलेला मी तरी पाहिला नाही.

ट्यूबहून भयंकर आहे बिननावाची डबी. अकोल्याच्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली. त्या पार्लरमधून आणलेलं क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ साली या बातम्या आल्या. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधनं सोडता बाकी प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर कारखान्याचा पत्ताच नाही, तिच्यावर कारवाई कोण आणि कुणावर करणार?

या सगळ्याच्या मुळाशी गोरेपणाचा बाजार आहे, हे आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली भारतात आली. सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवायचं नाही, असं भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०१४ साली बजावलं. २०२० साली त्या क्रीमचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. नावातून गोरेपण गेलं आणि तेज आलं. बाईच्या मनातली भीती मात्र तशीच राहिली. बाजारावर टीका करून आपण थांबलो, पण आरशासमोर उभ्या असलेल्या बाईला "मग मी काय करू?" या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. आपण गप्प राहिलो ती जागा दुकानदारानं घेतली.

म्हणून मी म्हणते, हलका मेकअप हा या प्रश्नात आपला शत्रू नाही. कन्सीलर म्हणजे तरी काय? तेलात किंवा पाण्यात कालवलेली पिवळी, तांबडी, काळी आयर्न ऑक्साइडं आणि पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड. तो रंग कातडीवर बसतो आणि रात्री धुतला की जातो. रोग बरा करण्याचा दावा तो करत नाही, कातडी सोलत नाही, गोरं करण्याचं वचन देत नाही. बाईला आज दुपारच्या बैठकीत "हे काय झालं तोंडाला?" या प्रश्नातून सुटका हवी असेल, तर ती मिळवण्याचा हा सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग आहे.

तो नीट कसा वापरायचा, हेही सांगते, कारण आपल्या मासिकांनी ते सांगायला लाजू नये. सगळ्या चेहऱ्यावर थर देऊ नका. डाग असेल तिथेच टिपका ठेवा आणि बोटानं थोपटा, चोळू नका. छटा हाताच्या पाठीवर बघू नका, जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात बघा. लालीवर हिरवा रंग लावा असं सांगतात, तो गोऱ्या कातडीचा सल्ला आहे. आपल्या रंगावर हिरवा राखेसारखा दिसतो, त्यापेक्षा पिवळसर छटा बरी. मुरुम गेल्यावर राहिलेल्या काळ्या डागांवर नारिंगी छटा चालते. पहिल्यांदा कानामागे लावून दोन दिवस वाट पाहा. आग होत असेल, वास उग्र असेल, तर सोडून द्या. वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत नसेल तर हात लावू नका. वसतिगृहात एकच स्पंज चौघींत फिरवू नका. रात्री धुतल्याशिवाय झोपू नका.

आणि झाकताना उपचार थांबवू नका. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीन, अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड ही मुरुमांची खरी औषधं आहेत. ती डॉक्टरांना विचारून घ्यायची. गुण यायला दोन ते तीन महिने लागतात. चार दिवसांत चमत्कार दाखवणाऱ्या ट्यूबवर म्हणूनच संशय घ्यायचा. तीव्र मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइनची गोळी देतात. ती चालू असताना दिवस राहिले तर गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. तरीही अविवाहित मुलीसमोर गर्भनिरोधनाचा शब्द काढायला संकोचणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. ही नैतिकता कुणाच्या जिवावर पोसली जाते?

काही जणी विचारतील, झाकणं म्हणजे शरणागती नव्हे का? मुरुमांसकट ताठ मानेनं फिरणाऱ्या मैत्रिणींबद्दल मला आदर आहे. त्यांनी तसंच फिरावं. पण ताठ मान ही सक्ती झाली की तिचाही जाच होतो. पदर घे म्हणणारे आणि पदर टाक म्हणणारे, दोघांनीही बाईला विचारलेलं नसतं. दुकानाच्या काउंटरवर, रिसेप्शनवर, हॉटेलात उभं राहून पोट भरणाऱ्या मुलीला तर निवडही नसते. तिचा पगार तिच्या चेहऱ्याला बांधलेला असतो. तिला तत्त्वज्ञान सांगण्याआधी तिच्या मालकाला विचारू या, की कामासाठी नितळ कातडी लागते ती कशाला?

तेव्हा माझं म्हणणं असं. आपल्या आरोग्य शिबिरांत रक्तक्षय आणि पाळीच्या तक्रारींबरोबर चेहऱ्याच्या त्वचेचाही विषय घ्या. बायकांना सांगा, येताना घरातल्या ट्यूबा आणि डब्या घेऊन या, आणि नावं मोठ्यानं वाचा. शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असलेलं नाव दिसलं की थांबून डॉक्टरांना विचारा. वर्षानुवर्षं लावत असलेली ट्यूब मात्र एकदम फेकायला लावू नका, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागात सोबत घेऊन जा. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइड विकणाऱ्या दुकानांविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा, एकटीनं नको, वीसजणींच्या सह्यांनी करा. पार्लर चालवणाऱ्या बायकांना आरोपी ठरवू नका, त्यांनाही बोलवा. त्याही पोटासाठीच राबतात, आणि त्या डबीतला पारा आधी त्यांच्याच बोटांना लागतो.

आणि एखादी मैत्रीण डागावर थोडा रंग लावून मोर्चात आली, तर तिच्या तोंडाकडे बघू नका. तिच्या हातातल्या फलकाकडे बघा.