लेबल खरं, की बियाणं?

जून उजाडला की जालन्यातल्या कृषी सेवा केंद्रांवर जे इंग्रजी कानावर पडतं, ते कुठल्याच स्पीकिंग कोर्समध्ये शिकवत नाहीत. ‘सर्टिफाईड देऊ का ट्रुथफुल?’ दुकानदार विचारतो. मंठ्याकडून आलेला शेतकरी पिशवी उलटीपालटी करून बघतो, भाव विचारतो आणि बहुधा पाहुण्यानं गेल्या साली काय पेरलं होतं ते आठवून ठरवतो.

जालन्यात हे शब्द रुळणं साहजिकच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि बियाण्यांचा धंदा ही शहराची ओळख झाली. शब्द घरोघरी पोचले. त्यांचे अर्थ मात्र दुकानातच राहिले.

‘ट्रुथफुल’ घ्या. इंग्रजीत ट्रुथफुल म्हणजे खरं बोलणारा. ऐकणाऱ्याला वाटतं, हे खात्रीचं बियाणं. पण बियाणे व्यवहारातला पूर्ण शब्द आहे ‘ट्रुथफुली लेबल्ड’. खरेपणा लेबलाचा, आणि तो सांगणारी कंपनी स्वतःच. बोलता बोलता ‘ली’ गळाला नि लेबलाचा गुण बियाण्याला चिकटला! ‘सर्टिफाईड’ची गोष्ट वेगळी. तिथे प्रमाणीकरण यंत्रणेची माणसं पीक शेतात उभं असताना पाहणी करतात, नंतर प्रयोगशाळेत तपासणी होते, तेव्हा कुठे निळा टॅग लागतो. महाराष्ट्रात हे काम अकोल्याहून चालतं. ‘ट्रुथफुल’च्या हिरव्या लेबलामागे असा त्रयस्थ नसतो. १९६६च्या बियाणे कायद्यानं अधिसूचित वाणांना लेबल सक्तीचं केलं, प्रमाणीकरण ऐच्छिक ठेवलं. म्हणून हिरवं लेबल वाईट असं नाही; खासगी कंपन्यांचे कितीतरी चांगले संकरित वाण त्याच लेबलावर विकले जातात. फक्त शब्द कोण देतंय, हे गिऱ्हाइकाला माहीत असावं.

खरं भांडण पेटतं ते ‘जर्मिनेशन’वरून.

सोयाबीनच्या टॅगवर किमान ७० टक्के छापलेलं असतं. हा आकडा प्रयोगशाळेतला: ठरावीक तापमान, ठरावीक ओल, आणि धडधाकट निघालेल्या रोपांचीच मोजणी. शेतात बी किती बाहेर आलं याला इंग्रजीत ‘इमर्जन्स’ म्हणतात. पेर खोल गेली, पाऊस ओढला, वर पापुद्रा धरला की तो आकडा घसरतो. सोयाबीनचं टरफल तर इतकं पातळ की पोती आपटली तरी बी मार खातं. आपण दोन्हींना ‘उगवण’ म्हणतो. कंपनी एक अर्थ धरून बसते, शेतकरी दुसरा. २०२०च्या खरिपात मराठवाड्यातून सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या साली सदोष बियाणंही बाजारात होतंच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पंचनाम्यात ‘उगवण’ एवढाच शब्द असला की वाद नक्की कशावर, हेच ठरत नाही.

‘एक्सपायरी’चाही असाच घोळ. औषधाच्या बाटलीवर ती असते. बियाण्याच्या टॅगवर असते वैधतेची मुदत; ती संपली तरी बियाणं फेरतपासणीत उतरलं तर वाढवून मिळते.

शब्दांचा घोळ बियाण्यापुरताच नाही. आता मोसंबी घ्या. २०१६ मध्ये जिल्ह्याच्या या फळाला भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘जालना स्वीट ऑरेंज’ या नावानं. ज्यूस सेंटरच्या पाटीवर मात्र ‘स्वीट लाईम’ असतं. नोंदीतलं नाव बरोबर आहे: मोसंबी गोड संत्र्याच्या जातीची. खरा स्वीट लाईम म्हणजे मिठा लिंबू, ते फळच निराळं. गंमत अशी, की मोसंबीची कलमं बऱ्याचदा रंगपूर लाईमच्या खुंटावर डोळा भरून करतात, म्हणजे ‘लाईम’ झाडाच्या बुडाशी असतोच. आणि तोही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं खरा लाईम नव्हे!

बाहेर रसाच्या ग्लासावर जालन्याचं नाव मिरवायचं तर मानांकनाच्या नोंदीत आहे तेच नाव लागेल. अंबड, घनसावंगीच्या बागांतली मोसंबी ‘स्वीट लाईम’ होऊन पुण्या-मुंबईच्या मेन्यूकार्डावर गेली, की तिथे ती कुठलीही मोसंबी असू शकते.