उन्हाचा हिशेब दोन्ही पिकांचा हवा

मक्याच्या शेतात बांधालगतच्या ओळीतली कणसे आतल्या ओळींपेक्षा बहुधा भरदार असतात. आतल्या झाडाला ऊन मुख्यतः वरून मिळते, कडेच्या झाडाला बाजूनेही. मग जास्तीत जास्त ओळी कडेच्याच करता आल्या तर? मका आणि सोयाबीनचे अरुंद पट्टे आलटून-पालटून पेरण्यामागे हाच विचार आहे.

विज्ञान या विचाराच्या बाजूने आहे. मक्याचे पान भर दुपारचे प्रखर ऊनही कामी लावते. सोयाबीनच्या पानाची भूक त्याहून बऱ्याच कमी उन्हात भागते. शिवाय सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र मिळवून देतात, त्यामुळे जमिनीतल्या नत्रासाठी दोन पिकांची ओढाताण कमी होते.

पण फायदा मक्याचा आणि तोटा सोयाबीनचा, असे होऊ शकते. सावलीतले सोयाबीन उन्हाच्या शोधात उंच व लुकडे होते, लोळते आणि त्याला शेंगा कमी लागतात. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या १९९०च्या दशकातील प्रयोगांतही कडेचा मका वाढला आणि कडेचे सोयाबीन घटले. मोठ्या यंत्रांनी एकाच पिकाची शेती करणाऱ्या त्या भागात ही पद्धत सर्वदूर रुजली नाही.

चीनने मात्र ती धोरण म्हणून उचलली. त्या देशाची सोयाबीनची आयात वर्षाला दहा कोटी टनांच्या घरात आहे आणि मक्याखालची जमीन सोयाबीनला देणेही परवडणारे नाही. ढगाळ हवेच्या सिचुआन प्रांतातील कृषी विद्यापीठात मक्याच्या दोन दाट ओळी आणि शेजारी सोयाबीनचा पट्टा अशी रचना विकसित झाली. मक्याच्या झाडांची एकरी संख्या तीच ठेवून सोयाबीन जादा मिळवायचे, हा तिचा गाभा. २०२२मध्ये सरकारने ही पद्धत दहा लाख हेक्टरवर नेण्याचे लक्ष्य ठेवले. त्यासाठी नुसते आवाहन पुरत नाही; सावली सोसणारे वाण आणि अरुंद पट्ट्यात चालणारी पेरणी व कापणीची यंत्रे लागतात. तणनाशकही जपून निवडावे लागते, कारण मक्यात चालणारे अॅट्राझिन सोयाबीन जाळते.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आंतरपीक नवे नाही. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनमध्ये तूर घेतलीच जाते. मात्र तूर सुरुवातीला हळू वाढते. ती पसरेपर्यंत सोयाबीन काढणीला येते. मका सोयाबीनच्या बरोबरीनेच वाढतो आणि ऐन शेंगा भरताना सावली धरतो. त्यात खरिपाचे आभाळही ढगाळ. म्हणून तुरीवरचा अनुभव मक्याला जसाच्या तसा लावणे धोक्याचे आहे.

कृषी विद्यापीठांनी ही पद्धत जरूर तपासावी. पण निकाल सांगताना कडेच्या ओळीतले कणीस दाखवून भागणार नाही. एक एकर पट्ट्यांतून निघालेला मका आणि सोयाबीन वेगवेगळे पिकवायला एकूण किती जमीन लागली असती, हा खरा प्रश्न आहे. उत्तर एका एकराहून जास्त आले, तर ऊन सत्कारणी लागले. त्यानंतर जादा मजुरी, बियाणे आणि यंत्राचे भाडे वजा करून हातात काय उरते, तेही सांगावे. हा दुसरा आकडा हाती येईपर्यंत शेतकऱ्याला पट्टे पाडायला सांगणे म्हणजे प्रयोगाची जोखीम त्याच्याच माथी मारणे ठरेल.