'हाली', 'कलदार' आणि आपली समीक्षा

प्रादेशिक कथनातील पैशाच्या शब्दांना 'मातीचा गंध' म्हणून गौरवायचे आणि तेथेच थांबायचे, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे. परळी तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या गावाचा 1948 पूर्वीचा व्यवहार वाचताना 'कलदार' म्हणजे 'रुपया' एवढीच टीप पुरेशी मानली जाते. वस्तुतः बीड जिल्हा निजामी राज्यात होता आणि तेथील चलन होते 'हाली शिक्का'. 'कलदार' हा यंत्रावर पाडलेला इंग्रजी रुपया. पुढे 1950 मध्ये अधिकृत दर ठरला तो सात हालीस सहा कलदार असा. हाली पूर्णतः बाद झाला 1959 मध्ये. या दराने पाहिल्यास, हाली मोजून देणाऱ्या सावकाराने खतात तेवढेच कलदार लिहिले, तर व्याज सुरू होण्याआधीच कर्ज एकषष्ठांशाने वाढते. संघर्षाचे मर्म त्या एका शब्दात असते आणि टीप नेमके तेच पुसते.

'उचली'चीही हीच गत. ऊसतोड मजूर मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतो ती रक्कम 'आगाऊ मजुरी' म्हटली, की न फिटलेल्या बाकीने पुढच्या हंगामाला बांधलेला माणूस अदृश्य होतो. लेखकही निर्दोष नाहीत. मुंबईची 'पेटी' आणि 'खोका' ते खुशाल त्याच्या तोंडी घालतात.

कोशकार्य हे समीक्षेचे काम नव्हे, असा आक्षेप येईल. परंतु पात्राच्या हातातला रुपया कोणता, हे ज्याला सांगता येत नाही, त्याने त्या पात्राच्या दारिद्र्याचे सौंदर्यशास्त्र मांडू नये.