विकलेला माल परत नेणारे व्यापारी

दुकानदाराने विकलेली वस्तू दहा वर्षांनी गिऱ्हाइकाच्या घरात शिरून उचलून नेली, तर त्या कृत्याला चोरी म्हणतात. तेच काम दूरच्या संगणकाची कळ दाबून केले, की त्याला ‘सेवासमाप्ती’ असे सोज्ज्वळ नाव मिळते. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘द क्रू’ नावाचा मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. तो भाड्याने दिला नव्हता. किंमत घेऊन विकला होता आणि अनेकांनी तर त्याची तबकडी घरी नेली होती. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपले सर्व्हर बंद केले, आणि तबकडी कपाटात शाबूत असूनही खेळ मात्र नाहीसा झाला. वास्तविक हा खेळ एकट्यालाही खेळता येत असे. परंतु कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याखेरीज तो सुरूच होऊ नये, अशी त्याची रचना होती.

पोरांच्या खेळाचे एवढे काय, असे म्हणून हा विषय झटकून टाकणाऱ्यांनी जुलै २००९ मधील एक प्रसंग आठवावा. त्या महिन्यात ॲमेझॉनने आपल्या किंडल यंत्रांवरील जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या काही प्रती वाचकांना न विचारता परस्पर पुसून टाकल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे खरे. पैसे परत केले आणि पुढे क्षमाही मागितली, हेही खरे. परंतु वाचकाने विकत घेतलेले पुस्तक त्याच्या हातातून काढून घेण्याची कळ विक्रेत्याकडे आहे, हे त्या दिवशी उघड झाले. ऑर्वेल यांच्याच पुस्तकाच्या वाट्याला हे यावे, यावर वेगळे भाष्य करण्याचे कारण नाही.

‘द क्रू’ बंद पडताच एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. युरोपीय संघाकडे करावयाच्या नागरी मागणीला लागणाऱ्या दहा लाख सह्यांचा टप्पा तिने जुलै २०२५ मध्ये ओलांडला. मागणी माफक आहे. सर्व्हर कायम चालवा, असे कोणी म्हणत नाही. दुकान बंद करताना विकलेला माल चालू स्थितीत ठेवून जा, एवढेच म्हणणे आहे. कंपन्यांची उत्तरे ठरलेली असतात: खर्च फार येतो, आणि खेळातील काही भाग तिऱ्हाइतांच्या मालकीचे असल्याने ते खुले करता येत नाहीत.

यातील दुसरी अडचण खोटी नाही, पण ती दुस्तरही नाही. इड सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीचा ‘डूम’ हा खेळ १९९३ मधला. चारच वर्षांनी, डिसेंबर १९९७ मध्ये, जॉन कारमॅक यांनी त्याचा सोर्स कोड लोकांच्या हवाली केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आला. त्यातील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. तेवढा वगळून बाकीचा कोड दिला गेला आणि ती उणीव स्वयंसेवकांनी स्वतः लिहून भरून काढली. आज ‘डूम’ जवळजवळ कोणत्याही संगणकावर चालतो. यात कंपनीचे दिवाळे वाजले नाही. कारण कोड मुक्त झाला तरी खेळातील चित्रे व नकाशे कंपनीच्याच मालकीचे राहिले आणि मूळ खेळ विकला जातच राहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा अनेकांना तो एका हट्टी माणसाचा आदर्शवाद वाटला होता. प्रत्यक्षात जुन्या मालाची देखभाल फुकटात करून घेण्याचा तो अत्यंत व्यवहारी मार्ग ठरला. जेथे तो अनुसरला गेला नाही तेथील स्थिती पाहा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून लागू केलेला कायदा शब्दांपुरता थांबतो. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येणार नाही, असे तो सांगतो. पाटी खरी लिहा, मग माल परत नेलात तरी हरकत नाही, असा याचा अर्थ होतो. युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे बोभाटा झाल्यावर, ‘द क्रू’च्या पुढील दोन भागांना सर्व्हरविना चालण्याची सोय देण्याचे जाहीर केले. खर्चाची सबब किती पोकळ होती, याचा पुरावा म्हणून एवढे पुरेसे आहे.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणकीय आज्ञावलीच्या कायदेशीर धारकाला संरक्षणापुरती राखीव प्रत करण्याची मुभा देते. पण सर्व्हरच गेल्यावर त्या प्रतीचे करायचे काय? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याहून उपयोगी आहे. वाजवी कारणाविना करार एकतर्फी संपुष्टात आणण्याचा अधिकार एका पक्षाला देणारी व ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवणारी अट त्याने अनुचित करारात गणली आहे आणि अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना दिला आहे. घोडे पेंड खाते ते येथेच. जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. दोन-तीन हजारांच्या खेळासाठी सांगलीच्या किंवा चंद्रपूरच्या ग्राहकाने राज्य आयोगापर्यंत जावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. म्हणून हा अधिकार जिल्हा आयोगापर्यंत आणण्याची दुरुस्ती ग्राहक संघटनांनी आधी मागितली पाहिजे. तोपर्यंत एखाद्या संघटनेनेच अनेक ग्राहकांच्या वतीने राज्य आयोगापुढे दावा दाखल करावा. तशी तरतूद याच कायद्यात आहे.