सही कुठेही करा, पण करार एकच हवा!



फ्रँचायझी घेताना आपण दुकानाची जागा दहा वेळा बघतो आणि सही मात्र दोन मिनिटांत उरकतो. कंपनीचा निरोप येतो, "सर, शेवटच्या पानाची प्रिंट काढा, सही करून फोटो पाठवा. आमचे डायरेक्टर तिकडे त्यांच्या प्रतीवर सही करतील." आपण लगेच पाठवतो. वर टोकनही भरतो.

माझं मत स्पष्ट आहे. दोघांनी दोन गावांत, दोन प्रतींवर सह्या केल्या तरी चालतं. करारात तसं कलमही असतं: प्रत्येक प्रत मूळ समजावी आणि सगळ्या मिळून एकच करार. धोका आहे तो सुट्या पानावर सही करण्यात.

समजा, तुमचं दुकान सांगलीत आहे. तुम्ही वाचलेल्या मसुद्यात होतं, ३ किलोमीटरच्या आत दुसरी फ्रँचायझी देणार नाही. कंपनीच्या प्रतीतल्या परिशिष्टात निघालं १ किलोमीटर. सह्या दोन्हीकडे खऱ्या. मग करार कोणता? पुढच्या चौकात त्याच नावाची पाटी लागली की फटका थेट तुमच्या गल्ल्याला बसतो. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. मुख्य आधार १८७२ च्या करार कायद्याचा. म्हणजे कागदावर काय लिहिलंय, यावरच सगळं येऊन थांबतं.

म्हणून मी म्हणतो, ई-साइनला घाबरू नका, उलट तेच मागा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०अ नुसार, करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्याच कारणाने तो बाद ठरत नाही. दोघांनी एकाच फाइलवर आधार ई-साइन केलं, तर नंतर मजकुरात केलेला बदल तपासणीत उघड होतो. सहीचा फोटो चिकटवलेल्या पीडीएफमध्ये ही सोय नाही. वाद झाला तर सही आणि मजकूर सिद्ध करत बसावं लागतं.

पण "ऑनलाइन आहे, स्टॅम्प लागत नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात इलेक्ट्रॉनिक दस्तही येतो. शुल्क भरलेलं नसेल, तर ते आणि दंड भरेपर्यंत तो करार कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. किती शुल्क लागेल, प्रतीवर वेगळं किती, हे सही करण्याआधी वकिलाला विचारा.

आता माझे चार नियम लिहून ठेवा:

१. सुट्या पानावर सही नाही. कागदावर करार असेल तर परिशिष्टासकट प्रत्येक पानावर दोघांची सही हवी.

२. आधारचा ओटीपी कंपनीच्या माणसाला सांगायचा नाही. फाइल पूर्ण वाचून तो स्वतः टाकायचा.

३. ई-साइन झालेली मूळ फाइल दोन ठिकाणी जपायची. नुसत्या प्रिंटवरून डिजिटल सही तपासता येत नाही.

४. कंपनीची सही असलेली पूर्ण प्रत हातात आल्याशिवाय फ्रँचायझी फी भरायची नाही.

"एवढा विश्वास नाही का सर?" असं ते विचारतील. हसून सांगा, "विश्वास आहे, म्हणूनच तर सही करतोय. फक्त दोघांचा कागद एकच असू द्या." चांगल्या कंपनीला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याबरोबर पाच वर्षं धंदा करायचा का, हे तुम्हीच ठरवा.